पुन्हा मत मागायला येणारा कोणीतरी हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या ३ नोव्हेंबरला अमेरिकेतील ३६ राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका होत आहेत. आपल्याकडे त्यांच्याविषयी जे थोडेफार छापून येते, त्यात ट्रम्प यांचा पक्ष किती राज्ये राखील आणि २०२८ च्या अध्यक्षपदासाठी कोण पाय रोवतो आहे, एवढ्या दोनच गोष्टींना जागा मिळते. पदावर बसलेला माणूस चार वर्षांनी त्याच मतदारांपुढे स्वतःच्या नावाने पुन्हा उभा राहतो तेव्हा त्याला काय विचारले जाते, आणि तसे विचारण्याची सोय आपल्याला, विशेषतः आम्हा सोलापूरकरांना, कितपत आहे, हा विषय मात्र बाजूला राहतो. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे; जागेची अडचण असल्यास कात्री लावण्यास माझी हरकत नाही.

राज्याचा कारभार चालवणारे पद आणि राजभवनातले पद यांतला फरक सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आमच्या सुशीलकुमार शिंदे यांनी ही दोन्ही पदे पाठोपाठ भूषवली. अमेरिकेतील गव्हर्नर यांपैकी पहिल्या प्रकारात मोडतो. त्याला राज्यातील मतदार थेट निवडतात. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांत दोन वर्षांसाठी, उरलेल्या ४८ राज्यांत चार वर्षांसाठी. विधिमंडळात त्याच्या पक्षाचे बहुमत असो वा नसो, महाभियोगासारखा अपवाद सोडला तर आमदार त्याला खाली ओढू शकत नाहीत. अर्थसंकल्पाचा मसुदा तो मांडतो, विधेयकावर नकाराधिकार वापरू शकतो, राज्याचे नॅशनल गार्ड हे राखीव लष्करी दल एरवी त्याच्या हुकमात असते. त्यामुळे रस्ता खराब असला, शाळेचे अनुदान आटले किंवा वीज गेली, तर बोट कोणाकडे दाखवायचे हे तिथल्या मतदाराला ठाऊक असते.

आता शिंदे साहेबांचे उदाहरण पाहा. जानेवारी २००३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि ऑक्टोबर २००४ ची विधानसभा निवडणूक काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने ते त्या खुर्चीत असताना लढवली. आघाडी सत्तेवर परतली. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, मुख्यमंत्रिपद कोणाचे यावर बराच काथ्याकूट झाला, अखेर ते काँग्रेसकडेच राहिले; पण १ नोव्हेंबरला शपथ घेतली ती विलासराव देशमुख यांनी, आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. (सोलापुरातील तेलुगुभाषक कुटुंबांना त्यात थोडे समाधानही वाटले असेल, तो भाग वेगळा.) निवडणूक हरल्यामुळे पद गेले असते तर तो मतदारांचा कौल झाला असता. इथे पक्षाची सत्ता टिकली आणि माणूस बदलला, आणि या बदलाविषयी मतदाराला कोणी काही विचारले नव्हते.

हे एकट्या शिंदे यांच्या वाट्याला आले असे नाही. २००४ ते २०२४ या काळात विधानसभेच्या पाच निवडणुका झाल्या. त्यांत मतदानाच्या वेळी पदावर असलेला मुख्यमंत्री निकालानंतर त्याच खुर्चीत स्थिरपणे बसला, असे एकदाच घडले. २००९ मध्ये अशोक चव्हाण, आणि तेही वर्षभरात पायउतार झाले. २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण यांनी निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा दिलेला होता व राज्यात राष्ट्रपती राजवट होती. २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी ‘मी पुन्हा येईन’ असे सांगत मते मागितली. भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळून युतीला स्पष्ट बहुमत होते, तरीही पहाटेच्या शपथविधीचे अल्पायुषी सरकार सोडले तर ते आले नाहीत, उद्धव ठाकरे आले. वसंतराव नाईक यांच्यानंतर पाच वर्षांची मुदत पूर्ण करणारे पहिले मुख्यमंत्री म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांच्या पाच वर्षांचा निकाल मतदारांनी काय लावला, हे आजतागायत धड सांगता येत नाही. २०२४ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना महायुतीने प्रचंड बहुमत मिळवले आणि ते उपमुख्यमंत्री झाले. यात कोणावर अन्याय झाला हा माझा मुद्दा नाही. संसदीय पद्धतीत नेता निवडण्याचा अधिकार आमदारांचा असतो आणि रोजच्या रोज सभागृहापुढे उत्तर देण्याचे बंधन हा तिचा मोठा गुण आहे. पण केलेल्या कारभाराचे पारडे मतपेटीत पडते की नाही, एवढ्या एका कसोटीवर ती आपल्याकडे सैल पडलेली आहे, हे या पाच निकालांवरून दिसते.

अमेरिकेत ही कसोटी कशी लागते, याची दोन-तीन उदाहरणे देतो. मिशिगन राज्यात २०१८ मध्ये ग्रेचेन व्हिटमर यांनी खड्ड्यांवर निवडणूक लढवली. ‘हे मेले रस्ते आधी दुरुस्त करा’ अशा धाटणीची त्यांची घोषणा होती आणि ती इतकी तोंडी बसली की पुढे तीच त्यांच्या मानगुटीवर बसली. निवडून आल्यावर त्यांनी २०१९ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे ४५ सेंटनी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने तो धुडकावला. मग जानेवारी २०२० मध्ये त्यांनी साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे काढून राज्य महामार्गांची कामे हाती घेतली. या रोख्यांचा पैसा महामार्गांपुरताच होता. गल्लीबोळांतल्या आणि तालुक्यातल्या रस्त्यांना त्याचा लाभ नव्हता. २०२२ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा गर्भपाताच्या हक्काचा आणि कोविडकाळातल्या निर्बंधांचा वाद जोरात होता, तरी रस्त्यांचा प्रश्न टाळणे त्यांना शक्य नव्हते, कारण शब्द त्यांनी स्वतः दिला होता आणि तो देणारीच समोर उभी होती. सुमारे ५४ टक्के मते घेऊन त्या निवडून आल्या. रस्ते पूर्ण झाले म्हणून आल्या असे कोणी म्हणणार नाही. कर वाढवायला गेले, तुमच्या आमदारांनी अडवले, मग कर्ज काढले, इतके किलोमीटर झाले, इतके राहिले, अशी सांगण्यासारखी एक सरळ हकिगत त्यांच्यापाशी होती आणि ती पटली की नाही हे मतदारांनी ठरवले. आमच्या होटगी रस्त्याविषयी किंवा जुळे सोलापुरातल्या अंतर्गत रस्त्यांविषयी अशी अथपासून इतिपर्यंतची हकिगत सांगायला बांधील असलेला एक माणूस मला दाखवून द्यावा.

कॅन्ससचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. ते शेतीचे, रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने घट्ट उभे राहणारे राज्य. २०२० मध्ये ट्रम्प तिथे जवळजवळ पंधरा टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. तिथले रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकरात मोठी कपात केली आणि असंख्य व्यवसायांचे उत्पन्न राज्याच्या करातून मोकळे केले. उद्योग वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल, असा हिशेब होता. तिजोरी रिकामी होत गेली, शाळा आणि रस्ते यांच्या पैशाला कात्री लागली, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार ओलांडून ती कपात मोठ्या प्रमाणात मागे घेतली. पुढच्या वर्षी तिथल्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या लॉरा केली यांना गव्हर्नर केले. त्या २०२२ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पक्षाचे नाव फारसे पुढे केले नाही; एका जाहिरातीत तर त्या खरोखरच एका सडकेच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्ही टोकांपासून लांब. सांगायला त्यांच्याजवळ ठोस काम होते. किराणा मालावरचा राज्याचा साडेसहा टक्के विक्रीकर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याच्या कायद्यावर त्यांनी त्याच वर्षी सही केली होती: जानेवारी २०२३ पासून चार टक्के, २०२४ मध्ये दोन, २०२५ मध्ये काहीच नाही. पाव, दूध, अंडी यांच्या बिलावर दर आठवड्याला दिसणारा हा फरक. त्या सुमारे दोन टक्क्यांच्या फरकाने निसटत्या जिंकल्या. पण जिथे त्यांच्या पक्षाला एरवी उभे राहायला जागा नाही तिथे जिंकल्या.

व्हरमाँटमध्ये याची उलटी बाजू दिसते. ते राज्य अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाला भरभरून मते देते, आणि गव्हर्नर म्हणून फिल स्कॉट या रिपब्लिकन माणसाला २०१६ पासून दर दोन वर्षांनी निवडून देत आले आहे. २०२४ मध्ये त्यांना सुमारे ७३ टक्के मते पडली. जॉर्जियात ब्रायन केम्प यांनी २०२० च्या अध्यक्षीय निकालात ढवळाढवळ करायला नकार दिला म्हणून खुद्द ट्रम्प यांनी २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध डेव्हिड पर्ड्यू यांना उभे केले, आणि रिपब्लिकन मतदारांनीच केम्प यांना प्रचंड मताधिक्याने पुढे पाठवले. दिल्लीचा कौल वेगळा आणि गल्लीचा वेगळा हे मतदाराला कळते, याचा पुरावा अमेरिकेत शोधायची गरजही नाही. २०२४ मध्ये सोलापूर लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे सुमारे ७४ हजार मतांनी निवडून आल्या आणि सहा महिन्यांच्या आत शहरातल्या विधानसभेच्या तिन्ही जागा भाजपला गेल्या. मतदाराला तारतम्य नाही, तो जातीवर आणि चिन्हावर शिक्का मारतो, असे म्हणून जे थेट उत्तरदायित्वाची कल्पना उडवून लावतात, त्यांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

अमेरिकेतले सगळे गोमटे आहे असे मात्र मुळीच नाही. विस्कॉन्सिनची हकिगत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. तिथले गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे अधिकार जवळजवळ काढून घेतले. गिरणी कामगारांच्या चळवळी पाहिलेल्या आमच्या शहराला त्यानंतर तिथल्या विधान भवनात काय झाले असेल हे सांगायला नको. नऊ लाखांहून अधिक सह्या गोळा होऊन जून २०१२ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले. ते ५३ टक्के मते घेऊन टिकले. २०१४ मध्ये पुन्हा जिंकले. २०१८ मध्ये तिसऱ्या मुदतीसाठी उभे राहिले तेव्हा राज्याचे शालेय शिक्षणप्रमुख टोनी एव्हर्स यांनी त्यांना सुमारे २९ हजार मतांनी, म्हणजे एक टक्क्याहून किंचित जास्त फरकाने हरवले. फेरमोजणी मागायची तर फरक एक टक्क्याच्या आत हवा, असा कायदा वॉकर यांनीच आदल्या वर्षी केलेला होता! गंमत इथे संपते, कारण निकालानंतर आणि एव्हर्स यांच्या शपथविधीपूर्वी विधिमंडळाने घाईघाईने अधिवेशन भरवून नव्या गव्हर्नरचे कित्येक अधिकार कापून टाकले. लोकांनी ज्याला निवडले त्याचे हात तो खुर्चीत बसण्याआधीच बांधण्याचा तो प्रकार होता. पुढे एव्हर्स यांनीही २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘२०२४-२५’ या शालेय वर्षातले दोन आकडे आणि मधली रेघ खोडून ‘२४२५’ केले आणि शाळांच्या महसुलाची वाढीव मर्यादा चारशे वर्षांसाठी लागू करून टाकली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्यही धरले. थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख आणि विरोधी विधिमंडळ यांची जुंपली की असले खेळ होतात. आपल्याकडच्या थेट नगराध्यक्षांच्या नगरपालिकांमध्ये, अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे असे झाले की काय होते, हे जिल्ह्यातल्या वाचकांना ठाऊक आहेच.

आता सोलापूरकडे वळतो. आमच्या महानगरपालिकेत मतदार नगरसेवक निवडतात, नगरसेवक अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात, आणि १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार असतात आयुक्तांकडे, ज्यांना राज्य सरकार नेमते आणि सरकारच बदलते. म्हणजे ज्याला मत दिले त्याच्या हाती कारभार नाही आणि ज्याच्या हाती कारभार आहे त्याला कोणी मत दिलेले नाही. महापौरपदाचे आरक्षण सोडतीने फिरते. ते फिरलेच पाहिजे. त्यामुळे ज्यांना शतकानुशतके खुर्चीच्या आसपासही फिरकू दिले नाही त्या समाजांतली माणसे आणि स्त्रिया त्या खुर्चीत बसल्या, आणि त्याला विरोध करण्यासाठी हे पत्र नाही. पण अडीच वर्षांची मुदत आणि पुढच्या सोडतीची अनिश्चितता यांचा एकत्र परिणाम असा होतो की महापौर पुन्हा मत मागायला येण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पाच वर्षांची पूर्ण मुदत दिली तर आरक्षणाचे चक्र न मोडताही यात सुधारणा होऊ शकते.

अमेरिकेत अशी अवस्था एका राज्यात आहे. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. मध्ये एक मुदत सोडून परत येता येते, आणि मिल्स गॉडविन तसे आलेही: १९६५ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले आणि १९७३ मध्ये रिपब्लिकन म्हणून. टेरी मॅकऑलिफ यांनी २०२१ मध्ये तोच प्रयत्न केला आणि ग्लेन यंगकिन यांच्याकडून हरले. पण एरवी तिथला गव्हर्नर शपथ घेतो त्याच दिवशी त्याची निरोपाची तारीख पक्की झालेली असते. चांगले काम केले तरी मतदार त्याला ठेवू शकत नाहीत आणि वाईट केले तरी शिक्षा देऊ शकत नाहीत. तरी त्याला पूर्ण चार वर्षे आणि पूर्ण अधिकार मिळतात. आमच्या महापौरांना यांतले दोन्ही नाही.

त्यातही मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधला काळ प्रशासकाचा, अमेरिकेतील गव्हर्नरच्या जवळजवळ एका संपूर्ण मुदतीएवढा. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद, कारणे काहीही असोत. एवढ्या काळात नव्या पिढीतल्या कित्येक मतदारांना नगरसेवक नावाचा माणूस कशासाठी असतो हेच पाहायला मिळाले नाही. मिशिगनमध्ये किंवा कॅन्ससमध्ये निवडणूक चार वर्षे पुढे ढकलण्याची कल्पना कोणी मांडली असती तर त्याला वेड्यात काढले असते, यात मला शंका नाही.

पाण्याचेच घ्या. उजनीच्या जलाशयात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि तिथून शहरापर्यंत नळमार्गाने अंतर सुमारे ११० किलोमीटर. तरी सोलापूरच्या नळाला तीन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा पाणी येण्याची सवय एका आख्ख्या पिढीला लागली. पाणी रात्री अडीचला सुटणार असेल तर घरातली बाई नळाची तोटी उघडी ठेवून त्याखाली रिकामी पत्र्याची बादली ठेवते, म्हणजे धार पडल्याचा आवाज होऊन जाग यावी. आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येते, ते संडासाच्या बॅरलमध्ये. निवळ आले की पिण्याचे हंडे, मग छतावरची टाकी, आणि शेजारी दोन-तीन घरांत मोटारी सुरू झाल्या की धार करंगळीएवढी होते. दुसऱ्या दिवशी विड्यांचा माल कारखान्यात द्यायचा असला तरी या रात्री झोप नाही. आता याचा जाब कोणाला विचारायचा? धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचे, वीज महावितरणची, समांतर जलवाहिनीच्या कामाची निविदा, बदललेले ठेकेदार आणि लांबलेली मुदत ही एक स्वतंत्र कहाणी, शहरातले वितरण महापालिकेचे, टाक्या अपुऱ्या, जुन्या वाहिन्यांना गळती. प्रत्येकाने दिलेले कारण थोडेफार खरे असते, हीच अडचण आहे. व्हिटमर यांच्यापुढेही कारणांची कमी नव्हती. पण ती सगळी कारणे घेऊन त्यांना एकटीला मतदारांपुढे उभे राहावे लागले. आमच्याकडे कारणे एका टेबलावर, अधिकार दुसऱ्यावर आणि मत तिसऱ्याच ठिकाणी.

आयुक्त चांगले नसतात असे मी म्हणत नाही. शहराने कामसू अधिकारी पाहिले आहेत आणि त्यांच्या बदलीवर हळहळणारे लोकही पाहिले आहेत. पण ती हळहळ किंवा उलट तो राग, कोणत्याही मतपेटीत जात नाही. सोलापूरचे जिल्हाधिकारी म्हणून गाजलेले तुकाराम मुंढे पुढे नवी मुंबईचे आयुक्त झाले तेव्हा २०१६ मध्ये तिथल्या नगरसेवकांनी त्यांच्याविरुद्ध प्रचंड बहुमताने ठराव केला. सरकारने तो मानला नाही, आणि पुढे काही महिन्यांनी सरकारनेच त्यांची बदली केली. ठेवायचे तेही मुंबईने ठरवले, हलवायचे तेही मुंबईने. नवी मुंबईचा मतदार दोन्ही वेळा प्रेक्षकच.

यावर थेट महापौर हा उपाय लगेच सुचवला जातो. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात महापौर थेट निवडले जातात. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट निवडण्याची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरपंचांच्या बाबतीत २०१७, २०२० आणि २०२२ असाच झोका गेला. दर वेळी सरकार बदलले आणि ज्या पक्षाला जे सोयीचे वाटले ते कायद्यात शिरले. मिशिगनमध्ये गव्हर्नरला दोनच मुदती मिळाव्यात हा नियम १९९२ मध्ये मतदारांनी स्वतः मतदानाने केला, आणि तो आता व्हिटमर यांनाही तसाच लागू झाला आहे. यंदा त्या उमेदवार नाहीत. निवडणुकीच्या पद्धतीत फेरफार करायचा तर निदान पुढच्या दोन निवडणुकांनंतर तो लागू होईल, असे काही बंधन आपल्या विधिमंडळाने स्वतःवर घालून घ्यायला हवे.

परंतु माझ्या मते थेट निवडणूक ही दुय्यम बाब आहे. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला येथे नगराध्यक्ष थेट निवडून येतात, तरी दैनंदिन प्रशासनाची दोरी बऱ्याच अंशी मुख्याधिकाऱ्यांच्या हाती राहते. अधिकार न देता फक्त निवडणूक थेट केली तर लोकांचा रोष झेलायला एक माणूस मिळतो, एवढाच फरक पडतो. उलट कोलकात्यात महापौर नगरसेवकांनी निवडलेला असूनही महापौर परिषदेच्या पद्धतीमुळे कारभार त्याच्या हाती असतो आणि आयुक्त त्याच्या हाताखाली काम करतो. महाराष्ट्राने हा प्रयोग मुंबईत १९९८-९९ मध्ये करून पाहिला आणि वर्षभरातच गुंडाळला. तो पुन्हा आणि या वेळी पूर्ण पाच वर्षांच्या मुदतीने, सोलापूरसारख्या मध्यम आकाराच्या शहरात करून पाहायला काय हरकत आहे? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठ्यासह अठरा विषयांची यादी नगरपालिकांसाठी घटनेतच लिहून ठेवली आहे. ती अमलात आणण्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

निवडून दिलेल्याला मुदतीपूर्वी परत बोलावण्याच्या हक्काविषयीही आपल्याकडे अधूनमधून बोलले जाते, म्हणून त्यावर थोडे. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये पुन्हा निवडून आलेले ग्रे डेव्हिस यांना, विजेचे संकट आणि वाहन शुल्कातली वाढ यांच्या रोषापायी, ऑक्टोबर २००३ मध्ये लोकांनी घरी पाठवले आणि १३५ उमेदवारांतून अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर यांना निवडले. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्यावर तीच वेळ आली. माझी पुतणी तिथे राहते व मतदार आहे. तिच्या घरी टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर दोनच प्रश्न होते, असे तिने फोनवर सांगितले: गव्हर्नरला काढायचे का, हो की नाही. आणि काढले तर त्याच्या जागी कोण, ज्याखाली ४६ नावे. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून दुसरा कोरा सोडायलाही मुभा होती, आणि तिने तसेच केले. जवळजवळ ६२ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले, सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले, आणि पुढच्याच वर्षी नियमित निवडणुकीत न्यूसम पुन्हा जिंकले. आपल्याकडे थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव तीनचतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावर ग्रामसभेच्या गुप्त मतदानासाठी जातो, हे त्याचेच छोटे रूप म्हणता येईल. गावापुरते ते ठीक आहे. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात मात्र हे हत्यार आधी हाती देऊ नये, असे मला वाटते. ज्याच्या हाती अधिकारच नाहीत त्याला परत बोलावून आपण करणार काय?

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. सध्याच्या महापौरांची अडीच वर्षे २०२८ मध्ये संपतील आणि त्या दिवशी सत्कार, हारतुरे व मावळत्या महापौरांची मुलाखत एवढे छापून विषय संपेल, अशी आजवरची रीत आहे. त्याऐवजी आतापासूनच दर सहा महिन्यांनी एक पान राखून ठेवावे. जानेवारीच्या निवडणुकीत प्रत्येक पक्षाने पाणी, रस्ते, परिवहनच्या बसगाड्या आणि ड्रेनेज यांविषयी जी छापील आश्वासने दिली ती एका रकान्यात, सभागृहात त्यावर झालेले ठराव दुसऱ्या रकान्यात, आयुक्तांनी काढलेले कार्यादेश आणि प्रत्यक्ष खर्च तिसऱ्या रकान्यात, आणि काम अडले असेल तर ते कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते चौथ्यात. पहिले पान पाण्यापासून सुरू करावे. प्रभागवार पाणी सोडण्याच्या तारखा आणि वेळा नोंदवून ठेवणारे आमच्या पेठेत चार-सहा जण सहज मिळतील. त्यांच्या वह्या मी आपल्या सोलापूर कार्यालयात आणून देण्याची व्यवस्था करतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर